लखोटा, मोर्तब आणि परवलीचा शब्द

१

साहित्याचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी आम्ही मंडळी एका अर्थाने दुसऱ्यांच्या पत्रांवर जगतो. ज्यांनी ती लिहिली ते केव्हाच गेले, ज्यांना ती लिहिली तेही गेले. आणि ज्यांच्यासाठी ती कधीच लिहिली गेली नव्हती असे आम्ही ती संपादित करतो, त्यांना तळटीपा जोडतो, त्यांवर प्रश्नपत्रिका काढतो. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पानिपतच्या आगेमागे लिहिलेली पत्रे त्यात होती. त्याच १८९८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात टपालाचा कायदा संमत झाला, आणि त्याच्या सव्विसाव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांखाली टपालातील पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. जुनी पत्रे उघडणारे पुस्तक आणि नवी पत्रे उघडू देणारा कायदा एकाच सालचे असावेत, हा निव्वळ योगायोग आहे. परंतु पत्र कोणी वाचावे आणि कोणी वाचू नये, या प्रश्नाची दोन टोके या योगायोगात एकत्र दिसतात, एवढे खरे.

या प्रश्नाकडे वळण्याचे निमित्त मात्र अगदी किरकोळ होते. आमच्यापैकी एकाला मध्यंतरी एका संस्थेकडून ई-मेल आली. सोबत एक फाईल होती. तीत काही विद्यार्थ्यांची नावे, गुण, आधार क्रमांक आणि बँकेच्या खात्यांचे तपशील होते. पाठवणाराने काळजी घेऊन फाईलला कुलूप लावले होते. आणि त्याच ई-मेलच्या शेवटच्या ओळीत, आदरपूर्वक, त्या कुलपाचा पासवर्ड लिहिला होता. आम्ही प्रथम हसलो. मग लक्षात आले, की गेली कित्येक वर्षे आम्हीही प्रश्नपत्रिका अशाच पाठवत आलो आहोत. कुलपाला किल्ली अडकवूनच पेटी पाठवण्याची ही रीत आपल्या अंगवळणी कशी पडली, आणि तिला पर्याय असतानाही तो आपण का स्वीकारला नाही, हे शोधू जाता जो इतिहास समोर आला तो प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली याची कथा मराठी वाचकाला सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर एका सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेला जासूद उत्तरेकडे येणाऱ्या पेशव्यांना वाटेत भेटला. पत्र फोडले गेले. त्यात मोत्यांच्या, मोहरांच्या आणि खुर्द्याच्या नुकसानीचा हिशेब होता, आणि दोन मोती म्हणजे कोण हे पेशव्यांना तत्काळ उमगले. या कथेचा करुण भाग आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तिचा दुसरा एक भाग मात्र दुर्लक्षित राहिला. ते पत्र पेशव्यांना लिहिलेले नव्हते. सावकाराने संवेदनशील बातमी आपल्या पेढीच्या भाषेत गुंडाळून पाठवली होती, आणि तरीही ती वाटेतल्या वाचकाने वाचली. रूपकाचे कूट परक्यापासून लपवते. तीच भाषा, तेच दुःख असलेल्या माणसापुढे ते टिकत नाही.

जुन्या पत्रव्यवहाराने याहून भक्कम उपायही योजले होते. कागदाची घडी घालून लखोटा बंद करणे, हा एक. पत्राच्या आरंभी शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब उमटवणे, हा दुसरा. ‘शिक्कामोर्तब’ हा जोडशब्द आपण आज ‘मान्यता’ एवढ्याच अर्थाने वापरतो. पण त्यातील मोर्तबाचे काम लेखनाची सीमा आखण्याचे होते. या खुणेच्या पुढे काही लिहिलेले आढळले तर ते पत्र लिहिणाऱ्याचे नव्हे, असा त्याचा अर्थ. आणि तिसरा उपाय असा, की अत्यंत नाजूक बाब कागदावर लिहायचीच नाही. पत्र घेऊन येणारा ती तोंडी सांगेल, एवढाच उल्लेख करायचा. गुपिताचे दोन भाग करून ते दोन वाटांनी पाठवण्याची ही रीत आहे. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

थोडक्यात, विश्वासाच्या पत्राकडून तीन अपेक्षा असतात. ते ज्याचे त्यानेच वाचावे, वाटेत त्यात बदल होऊ नये, आणि ज्याचे नाव खाली आहे त्यानेच ते लिहिलेले असावे. या तिन्ही अपेक्षा एकाच वेळी ढासळल्या तर काय होते याचा दाखला इंग्लंडच्या इतिहासात आहे. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी १५८६ मध्ये इंग्लंडमध्ये कैदेत होती. बीअरच्या पिंपांच्या बुचांत दडवलेली तिची पत्रे अँथनी बॅबिंग्टन या तरुणाकडे आणि त्याची तिच्याकडे जात. पत्रे कूटलिपीत होती. पण ने-आण करणारा माणूस फितूर होता, आणि राणी एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याचा कूटवाचक टॉमस फेलिप्स याने ती लिपी उकलली होती. मेरीच्या निर्णायक पत्राच्या शेवटी फेलिप्सने त्याच लिपीत एक ताजा कलम जोडला, ज्यात कटातल्या सहा जणांची नावे विचारली होती. पत्राला मोर्तब नव्हते. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी मेरीचा शिरच्छेद झाला. आपली लिपी अभेद्य आहे या समजुतीने तिने नको तेवढे मोकळेपणाने लिहिले होते. कच्चे कुलूप कुलूप नसण्यापेक्षा घातक ठरते ते असे.

३

ई-मेलच्या बाबतीत कुलपाचा विचारच आरंभी नव्हता. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने अर्पानेट या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्राकडे निरोप पाठवला. नाव आणि यंत्र यांच्या मध्ये @ हे चिन्ह घालण्याची कल्पना त्याचीच. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी होती. त्या पहिल्या पत्रात काय होते, हे विचारता टॉमलिन्सनने पुढे सांगितले की ते आठवत नाही, बहुधा कळफलकाच्या वरच्या ओळीतली अक्षरे असावीत. पत्रांच्या संग्राहकांना हुरहुर लावणारी ही गोष्ट आहे. पण तिच्यातून त्या काळचे वातावरणही कळते. जाळे लहान होते, वापरणारे बहुतेक संशोधक होते, एकमेकांना नावाने ओळखत होते. शेजारच्या टेबलावर चिठ्ठी सरकवताना कोणी तिला लाख लावत नाही.

१९८२ मध्ये जॉन पॉस्टेल यांनी ई-मेलच्या वाहतुकीचे जे साधे नियम लेखबद्ध केले, ते याच वातावरणातले होते. पत्र एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे हस्तांतरित होते. प्रत्येक मुक्कामी त्याची प्रत क्षणभर किंवा कायम राहू शकते. मजकूर उघड्या अक्षरांत असतो. आणि पाठवणाराच्या जागी कोणतेही नाव लिहिता येते, कारण ते तपासण्याची तरतूदच मूळ नियमांत नाही. म्हणजे लखोटा नाही, शिक्का नाही, मोर्तबही नाही. पोस्टकार्डाची उपमा याला नेहमी दिली जाते, परंतु ती अपुरी आहे. पोस्टकार्ड एकच असते आणि ते पोचल्यावर पोस्टमनकडे उरत नाही. ई-मेल हे प्रत्येक टपाल कचेरीने आपल्या दप्तरी नक्कल करून ठेवलेले पोस्टकार्ड आहे.

पुढे हेच जाळे लष्कर आणि विद्यापीठे यांच्याबाहेर पसरले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून ते सामान्य ग्राहकाला उपलब्ध झाले. परिचितांच्या वाड्यातली चालरीत अनोळखी लोकांच्या महानगराने जशीच्या तशी उचलली, आणि त्या रीतीवर बँका, इस्पितळे, न्यायालये आणि विद्यापीठे उभी राहिली.

४

कूटलेखनाची कला प्राचीन आहे. तिची अडचणही तितकीच प्राचीन. मजकूर ज्या किल्लीने बंद केला तीच तो उघडायला लागते, तेव्हा ती किल्ली आधी कोणत्या तरी सुरक्षित वाटेने पोचवावी लागते. आणि तशी सुरक्षित वाट हाताशी असती तर मूळ पत्रच तिने पाठवले नसते का? आमच्याकडे आलेल्या त्या ई-मेलमध्ये फाईलखालीच पासवर्ड लिहिला गेला तो या अडचणीमुळे. पाठवणारा निष्काळजी नव्हता. किल्ली पोचवण्याची दुसरी वाट त्याच्या मनात आली नाही, इतकेच.

या अडचणीवर उतारा निघाला तो १९७६ मध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी असे सुचवले, की किल्ली एकच का असावी? दोन असाव्यात. एक जाहीर, जी कोणालाही द्यावी. दुसरी खासगी, जी कोणालाच देऊ नये. जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त खासगी किल्लीने उघडावा. म्हणजे आपण आपली उघडी कुलपे गावभर वाटून ठेवायची. ज्याला पत्र पाठवायचे त्याने ते पेटीत घालून आपले कुलूप दाबून बंद करायचे. उघडणारी किल्ली आपल्या कमरेला. उलट दिशेनेही हे चालते. खासगी किल्लीने मजकुरावर उमटवलेली खूण जाहीर किल्लीने कोणालाही पडताळता येते, आणि मजकुरातले एक अक्षर जरी बदलले तरी ती खूण जुळत नाही. मोर्तबाने जे काम शाईने केले ते येथे गणित करते. फेलिप्सला तो ताजा कलम येथे जोडता आला नसता.

अशी किल्ल्यांची जोडी प्रत्यक्षात कशी घडवावी हे १९७७ मध्ये एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दाखवले. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अतिशय कठीण, या साध्या विषमतेवर त्यांची रचना उभी आहे. मार्टिन गार्डनर यांनी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात ही पद्धत वाचकांपुढे मांडली, आणि १२९ अंकी संख्येने बंद केलेला एक मजकूर उकलण्याचे आव्हान दिले. बक्षीस शंभर डॉलरचे. उकल व्हायला कोट्यवधी वर्षे लागतील असा तेव्हाचा अंदाज होता. ती झाली १९९४ मध्ये, सतरा वर्षांत. जगभरच्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर गणिताचे तुकडे वाटून घेतले आणि ते ई-मेलनेच परत पाठवले. आतून निघालेले वाक्य हाडे खाणाऱ्या एका गिधाडाविषयी होते आणि त्याला काही अर्थ नव्हता. पण या प्रसंगातून मिळालेला धडा महत्त्वाचा होता. कुलपाची ताकद ही ज्या त्या काळाची असते. आज याच पद्धतीच्या प्रचलित किल्ल्या सहाशेहून अधिक अंकी संख्यांवर आधारलेल्या असतात.

या कथेला एक उपकथानक आहे, ते लेखकत्वाच्या प्रश्नात रस असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे. ब्रिटनच्या गुप्त संदेश-खात्यात काम करणाऱ्या जेम्स एलिस यांना हीच कल्पना १९७० च्या सुमारास सुचली होती, आणि त्यांचे तरुण सहकारी क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये तिचे गणितही मांडले होते. परंतु ते सारे सरकारी गुपित होते. डिसेंबर १९९७ मध्ये ही माहिती प्रथम जाहीर झाली, त्याच्या काही आठवडे आधीच एलिस वारले. गुपिते राखण्याच्या विद्येतील सर्वांत मोठा शोध स्वतःच गुपित राहिला, आणि शोधकाला त्याचे श्रेय जगापुढे कधी घेता आले नाही.

५

गणित सापडले तरी ते सामान्य पत्रलेखकाच्या हाती यायला आणखी चौदा वर्षे लागली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटपुढे एक विधेयक आले. संदेशवहनाच्या यंत्रणांनी कोणाच्याही संभाषणाचा मूळ मजकूर सरकारला मिळेल अशी सोय ठेवावी, असा त्यातील एका कलमाचा आशय होता. विधेयक त्या रूपात मंजूर झाले नाही. पण ते होण्याच्या धास्तीने फिल झिमरमन या अण्वस्त्रविरोधी चळवळीतल्या प्रोग्रामरने आपले अर्धवट काम घाईने पुरे केले आणि जूनमध्ये ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’, म्हणजे पीजीपी, या नावाने फुकट वाटून टाकले. ‘बऱ्यापैकी खासगीपणा’ असे हे विनयशील नाव एका नभोवाणी-मालिकेतल्या किराणा दुकानाच्या नावावरून घेतलेले होते.

पीजीपी लवकरच अमेरिकेबाहेर पोचले, आणि येथे गोष्टीला गंभीर वळण लागले. अमेरिकी कायद्यानुसार बळकट कूटलेखन हे युद्धसाहित्यात मोडत असे. परवान्यावाचून ते निर्यात करणे हा गुन्हा होता. १९९३ मध्ये झिमरमनविरुद्ध फौजदारी चौकशी सुरू झाली आणि ती तीन वर्षे चालली. तेवढ्यात एक विलक्षण युक्ती योजली गेली. एमआयटीच्या मुद्रणसंस्थेने १९९५ मध्ये पीजीपीचा संपूर्ण प्रोग्राम पुस्तक म्हणून छापला. फ्लॉपीवर तोच मजकूर शस्त्र ठरत होता. कागदावर छापला की ते पुस्तक होते, आणि पुस्तके परदेशी पाठवण्यावर बंदी नव्हती. पुढे १९९७ मध्ये नव्या आवृत्तीचे असेच छापील खंड युरोपात नेऊन, पानामागून पान स्कॅन करून, त्यांतून पुन्हा प्रोग्राम उभा करण्यात आला. मुद्रित शोधन करणाऱ्या प्रत्येकाने या कामाची कल्पना करून पाहावी. एक स्वल्पविराम चुकला तरी पुस्तक चालत नाही. झिमरमनवरील चौकशी कोणताही आरोप न ठेवता जानेवारी १९९६ मध्ये बंद झाली.

याच सुमारास डॅनियल बर्नस्टाईन या बर्कलीच्या गणित-विद्यार्थ्याने न्यायालयापुढे जो प्रश्न ठेवला तो खास आपल्या वर्तुळातला आहे. त्याला स्वतः रचलेली कूटपद्धती आणि तिचा प्रोग्राम प्रसिद्ध करायचा होता. सरकार म्हणत होते, परवाना घ्या. बर्नस्टाईनचे म्हणणे असे, की प्रोग्राम हे लेखन आहे, आणि लेखनाला परवाना लागत नाही. प्रोग्राम ही भाषा आहे की यंत्र? तो काही म्हणतो की फक्त काही करतो? जिल्हा न्यायाधीशांनी १९९६ मध्ये तो अभिव्यक्तीच आहे असे मानले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन सदस्यांच्या पीठाने बहुमताने त्याला दुजोरा दिला. हा निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठापुढे जात असतानाच, जानेवारी २००० मध्ये, सरकारने निर्यातीचे नियम पुष्कळ सैल केले. शब्द आणि कृती यांची सीमा कुठे, हा काव्यशास्त्रातला जुना वाद येथे कायद्याच्या भाषेत लढला गेला, आणि त्याचे फळ म्हणून तुम्हा-आम्हाला आपले पत्र बंद करण्याची मोकळीक मिळाली.

६

आणि तरीही आपण ते बंद केले नाही. या इतिहासातील आम्हाला सर्वांत विचार करायला लावणारा भाग हाच आहे.

१९९९ मध्ये, म्हणजे न्यायालयीन लढाई जिंकली जात असतानाच, अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. ई-मेल नेहमी वापरणाऱ्या बारा जणांना पीजीपी देऊन नव्वद मिनिटांत एक गुप्त निरोप बंद करून, आपली खूण उमटवून पाठवायला सांगितले. जेमतेम एक तृतीयांश लोकांना ते जमले. एक चतुर्थांश लोकांनी जपायचे ते गुपितच चुकून उघड्यावर पाठवून दिले. जाहीर किल्ली आणि खासगी किल्ली यांतील फरक, कोणाला कोणती द्यायची, मिळालेली किल्ली खरोखर त्याच माणसाची कशावरून, या प्रश्नांत माणसे अडकली. गणिताने अडचण सोडवली होती, पण तिच्या जागी माणसाला अपरिचित अशी एक नवी रीत आणून ठेवली होती. पत्राला लाख लावायला शिकवावे लागत नाही. लाख डोळ्यांना दिसते. येथे कुलूप अदृश्य होते.

याचे प्रसिद्ध उदाहरण डिसेंबर २०१२ मधले. ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला एका अनामिकाने कळवले, की महत्त्वाचे सांगायचे आहे, आधी पीजीपी बसवून घ्या. ग्रीनवाल्ड यांना ते किचकट वाटले. अनामिकाने पायरीपायरीने मार्गदर्शन केले, चित्रफीत करून पाठवली. तरी आठवडे गेले आणि काम झाले नाही. तो अनामिक म्हणजे एडवर्ड स्नोडेन. जानेवारी २०१३ मध्ये त्याने लॉरा पॉइट्रस या चित्रपटकर्तीशी संपर्क साधला. तिला कूटलेखन येत होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकी सरकारच्या जगव्यापी पाळतीची कागदपत्रे प्रसिद्ध होऊ लागली. एका कंटाळवाण्या तांत्रिक कामामुळे त्या शतकातील एक मोठी बातमी निसटता निसटता राहिली.

त्यानंतर परिस्थिती बदलली, पण ती वाहतुकीपुरती. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाताना पत्र बंद वाटेने न्यावे यासाठीचा नियम १९९९ पासून उपलब्ध होता. २०१० नंतरच्या दशकात तो मोठ्या सेवांनी सर्रास पाळायला सुरुवात केली. मात्र टपालाच्या थैलीला कुलूप असणे आणि आतले पत्र लखोट्यात असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. थैली मुक्कामावर उघडली जाते. गूगलने जाहिरातींसाठी जीमेलमधला मजकूर यंत्राकरवी चाळणे बंद करत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले, तेव्हा तोवर तो चाळला जात होता हेही त्याच घोषणेत आले. शिवाय पीजीपीने पत्र बंद केले तरी बाहेरचा पत्ता, वेळ आणि सहसा विषयाची ओळ उघडीच राहते. कोणी कोणाला किती वेळा लिहिले, यावरून किती कळते हे पत्रसंग्रहांच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला हवे का?

७

आपल्या देशात या प्रश्नाला स्वतंत्र इतिहास आहे. १८९८ चा टपाल कायदा स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे टिकला. १८ जून २०२४ रोजी त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, आणि पत्रे अडवण्याचा अधिकार नव्या कायद्याच्या नवव्या कलमात कायम राहिला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने दोन किल्ल्यांच्या पद्धतीने केलेल्या सहीला कायदेशीर मान्यता दिली. पण त्याच सुमाराच्या इंटरनेट परवान्यांतील अट अशी होती, की चाळीस बिटांहून मोठी किल्ली वापरायची तर परवानगी घ्यावी आणि किल्ली दोन भागांत सरकारकडे ठेवावी. म्हणजे मोर्तबाला उत्तेजन आणि लखोट्याला संशय. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कूटलेखनाच्या धोरणाचा मसुदा जाहीर केला. कूटबद्ध केलेल्या संदेशाचा मूळ मजकूर नागरिकाने नव्वद दिवस जपून ठेवावा, असे त्यात होते. टीकेचा भडिमार होताच मसुदा लगोलग मागे घेतला गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

हक्क न्यायालयात मिळतो. तो पाळायचा मात्र रोजच्या व्यवहारात. आमच्या व्यवसायात दुसऱ्यांची गुपिते सतत हातांतून जातात. परीक्षेआधीची प्रश्नपत्रिका, परीक्षणासाठी आलेला प्रबंध, विद्यार्थ्याने अडचणीत लिहिलेले पत्र, शिष्यवृत्तीसाठी घेतलेली आधारची प्रत. यांतले काहीच आमचे नसते, म्हणून ते उघड्यावर पाठवण्याचा अधिकारही आमचा नाही. सर्वांनी उद्यापासून पीजीपी वापरावे, असा आमचा आग्रह नाही. बारा जणांचा तो प्रयोग आम्ही विसरलेलो नाही. पण जुन्या पत्रलेखकांची दोन वाटांची रीत कोणालाही जमण्याजोगी आहे. फाईल बंद करावी, ई-मेलने पाठवावी. परवलीचा शब्द तिच्यासोबत लिहू नये, फोन करून तोंडी सांगावा. तो शब्द जन्मतारीख किंवा संस्थेचे नाव नसावा. सावकाराचे मोती पेशव्यांनी ओळखले तसा तो ओळखीचा माणूस ओळखतो. विषयाच्या ओळीत गुपित लिहू नये. पाठवण्यापूर्वी पत्ता पुन्हा वाचावा. खातेक्रमांक बदलल्याचे कोणी ई-मेलने कळवले तर त्याला आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर विचारावे, कारण पाठवणाराचे नाव हे मोर्तब नव्हे. आणि काम झाल्यावर प्रती नष्ट कराव्यात. पत्र घेऊन येणारा बाकीचे तोंडी सांगेल, या जुन्या वाक्यात जे शहाणपण होते तेच हे.

८

शेवटी एक शंका उरते, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सगळ्यांनी सगळी पत्रे अशी बंद केली, आणि किल्ल्या आपल्याबरोबर नेल्या, तर उद्याच्या राजवाड्यांनी काय करावे? गावोगाव हिंडून त्यांनी माळ्यावरची दप्तरे सोडली आणि वाळवी लागलेले कागद वाचवले. मोडी वाचता येते, कारण ती लिपी आहे, शिकता येते. किल्ली हरवलेले पत्र कोणत्याही अभ्यासाने वाचता येत नाही. आम्ही ज्या पत्रांवर जगतो ती आज असती तर कदाचित आमच्यापर्यंत पोचलीच नसती.

या शंकेला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की पत्र जपणे आणि पत्र उघडे ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पश्चात काय वाचले जावे हे ठरवून किल्ली वारसांकडे किंवा संग्रहालयाकडे ठेवणारा लेखक इतिहासाचे काही हिरावून घेत नाही. आणि वाटेत कोणी वाचील या भयाने जे लिहिलेच जात नाही, ते कोणत्याच दप्तरात सापडत नाही. जुन्या पत्रांतील ज्या मोकळ्या ओळींसाठी आम्ही ती पुन्हा पुन्हा वाचतो, त्या ओळी लिहिणाऱ्याचा लखोट्यावर विश्वास होता म्हणून लिहिल्या गेल्या.

त्या ई-मेलला आम्ही उत्तर पाठवले. पाठवणारांचे आभार मानले आणि लिहिले, की पुढच्या वेळी पासवर्ड कृपया फोनवर सांगावा. त्यांचा फोन लगेच आला. म्हणाले, हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते.